एकच टायर सेट, रोज ऑफिसला पण आणि ट्रॅकवर पण, जमतं का?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. पुण्यातला एक जण, गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५, रोजचं बाणेर-हिंजवडी, अधूनमधून ताम्हिणी नाहीतर मुंबई, आणि आता ट्रॅक डेचं (म्हणजे रेस ट्रॅकवर हौशी लोकांनी आपापली गाडी पळवायचा दिवस) वेड लागलंय. वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला गाडी स्वतः चालवत घेऊन जातो. कंपनीचे टायर गुळगुळीत व्हायला आलेत, तर आता सरळ सेमी-स्लिक (म्हणजे कमी खाचांचे, ट्रॅकसाठीच्या चिकट रबराचे टायर) टाकू का, की असा एखादा टायर आहे जो दोन्हीकडे चालेल? दोन सेट ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणतो.

मी टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात आहे आणि ट्रॅक डेला बराच वेळ पिटमध्ये हातात गेज घेऊन उभा असतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

एका सेटमध्ये जमतं, पण सेमी-स्लिक घेऊन नाही. का ते सांगतो. पुण्याहून कोइम्बतूर एका बाजूने साधारण बाराशे किलोमीटर, चेन्नई पण तेवढंच धर. जाऊन येऊन चोवीसशे. करीचा एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, आहे २.१ किलोमीटरचा, दिवसभरात चाळीस लॅप मारलेस (नवीन माणसाचे तेवढे होत पण नाहीत, मधेच ब्रेक तरी जातात नाहीतर माणूस तरी दमतो) तरी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर झाले. म्हणजे ज्या ८५ किलोमीटरसाठी तू एवढा डोक्याला ताप करून घेतोयस त्याच रबरावर आधी आणि नंतर मिळून २४०० किलोमीटर हायवे आहे, त्यात कामं चालू असलेली डायव्हर्जन, ट्रकमधून पडलेले नटबोल्ट, रात्री न दिसणारे स्पीडब्रेकर, आणि जून ते सप्टेंबरमध्ये गेलास तर वरून पाऊस. हौस म्हणून त्याला ट्रॅक टायर म्हण, पण तो नव्वद टक्के वेळ हायवे टायर आहे आणि निवडताना हे विसरायचं नाही.

आता बाजारात काय काय आहे. ढोबळ चार प्रकार. एक टूरिंग टायर, मिशलिन प्रायमसी वगैरे, शांत, आरामशीर, भरपूर चालतात, ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला रडायला लागतात. दुसरे ज्यांना लोक यूएचपी (अल्ट्रा हाय परफॉर्मन्स) म्हणतात, म्हणजे मिशलिनचे पायलट स्पोर्ट ४ आणि ५, योकोहामाचे अ‍ॅडव्हान स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक, व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्होर्टी या पंगतीतले. तिसरे जपानी डोकं लावून बनवलेले '२०० ट्रेडवेअर'वाले, ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, निओव्हा एडी०९. आणि चौथे सेमी-स्लिक, रस्त्यावर चालवायला कायदेशीर पण मनाने ट्रॅकवरचे, टोयो आर८८८आर, मिशलिन पायलट स्पोर्ट कप २, पिरेली ट्रोफेओ आर. त्याच्या पुढे स्लिक, म्हणजे खाचाच नसलेले, ते रस्त्यावर आणायचेच नाहीत.

ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती हळू झिजतो, या आकड्याबद्दल सगळ्यांचा फार गोंधळ असतो म्हणून इथे जरा थांबतो. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन एए, टेम्परेचर ए असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ती अमेरिकन सरकारची ग्रेडिंग पद्धत आहे. टेक्ससमध्ये साधारण ४०० मैलांच्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा फिरवून ७२०० मैल टायर घासतात, सोबत एक ठरलेला कंट्रोल टायर असतो, त्याच्याशी तुलना करून आकडा निघतो. कंट्रोल टायर १०० धरला तर २०० वाला दुप्पट टिकायला पाहिजे. ऐकायला छान, पण आकडा शेवटी कंपनी स्वतःच जाहीर करते आणि कमी सांगायला कोणी अडवत नाही, त्यामुळे एका कंपनीच्या ३०० ची दुसऱ्या कंपनीच्या ३०० शी तुलना करण्यात अर्थ नाही. त्याच कंपनीच्या दोन टायरमध्ये मात्र बऱ्यापैकी अंदाज येतो, मिशलिनचंच बघ, पायलट स्पोर्ट ४एस ३०० आहे आणि कप २ चा १८०.

आणि २०० चा सेगमेंट एवढा फोफावला कसा, तर अमेरिकेत एससीसीएसारख्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) हौशी रेसिंग क्लबांच्या स्ट्रीट क्लासमध्ये नियम आहे की टायर किमान २०० ट्रेडवेअरचा पाहिजे. मग कंपन्यांनी काय केलं, साइडवॉलवर २०० छापायचं आणि आत रबर जेवढं चिकट करता येईल तेवढं करायचं. ए०५२ हा त्याचा सगळ्यात भारी नमुना, एक-दोन लॅप असे काढतो की विचारू नको, पण लगेच तापतो आणि मग दम सोडतो. छोट्या ऑटोक्रॉसला (कोन मांडून एकेका गाडीची वेळ घेतात ती स्पर्धा) उत्तम, कोइम्बतूरच्या दुपारी वीस मिनिटांच्या सेशनला डोकेदुखी.

इथेच खरा मुद्दा येतो. लोक विचारतात 'याला ग्रिप किती', विचारायला पाहिजे 'हा किती तापमानाला काम करतो आणि तिथे किती वेळ टिकतो'. रबर गुळासारखं असतं, गार असताना ढेप, थोडं गरम झालं की चिकटतं, आणि जास्त गरम झालं की पातळ होऊन ओघळतं. टायर रस्त्याला धरतो तो दोन प्रकारे, एक म्हणजे डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर दबून परत वर येतं आणि त्या दबण्या-उठण्यात ऊर्जा खर्च होते, आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्ष चिकटणं. दोन्ही तापमानावर अवलंबून. यूएचपी टायरचं रबर असं बनवलेलं असतं की ते सकाळी पार्किंगमधून बाहेर पडल्या पडल्या पण काम करतं आणि पावसात गार झालं तरी करतं, त्यात सिलिका भरपूर असते, ओल्या रस्त्यावर तिचाच फायदा. सेमी-स्लिकचं रबर ऐंशी-नव्वद डिग्रीला खुलतं. तू हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याला ऐंशीला नेणार कसा? म्हणजे आठवड्यातले सहा दिवस तू त्याची गार, अर्धवट ग्रिप घेऊन फिरणार, पैसे मात्र पूर्ण ग्रिपचे मोजणार.

दुसरं, चेन्नई-कोइम्बतूरला दुपारी डांबर ५० च्या वर सहज जातं. युरोपातले रिव्ह्यू बघून टायर घेणाऱ्यांना हे लक्षात येत नाही, तिकडे टायर तापवायची काळजी असते, आपल्याकडे गार ठेवायची. नव्या यूएचपी टायरला सात-आठ मिलिमीटर ट्रेड (खाचांची खोली) असतो, ते उंच ब्लॉक कॉर्नरमध्ये वाकतात, वाकून वाकून आतून तापतात आणि मग कडेचे तुकडे निघतात. सेमी-स्लिकला मुळात ट्रेड कमी आणि ब्लॉक मोठे असतात, हा त्यांचा खरा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण म्हणूनच यूएचपी टायर नवाकोरा असताना ट्रॅकवर नेऊ नको, दोन-तीन हजार किलोमीटर रस्त्यावर चालव, थोडा बसू दे, मग ने. थोडा झिजलेला यूएचपी कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा छान चालतो हे ऐकून लोकांना खोटं वाटतं.

आता पाऊस. यावर मी थोडा कडक आहे, कारण माझ्याकडे जे ठोकून येतात त्यात 'पाऊस होता, ब्रेक मारला, गाडी ऐकलीच नाही' हे वाक्य ठरलेलं आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून एक ठोकताळा काढला होता, साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो, पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि ९ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. ३३ पीएसआयला हे साधारण ९५ किलोमीटर ताशी होतं, २८ ला ८८. खोल पाणी आणि पाणी बाहेर फेकायला खाचा उरलेल्या नाहीत असं धरून हा आकडा आहे, चांगला ट्रेड असेल तर तू त्याच्या पुढे पण सुखरूप जाशील. पण एक्स्प्रेसवेची लिमिट १०० आहे आणि सेमी-स्लिकला खाचा कमी, त्या पण झिजलेल्या, आणि ट्रॅकवरून येताना हवा कमी केलेली तशीच राहिली, हे सगळं एकत्र आलं की तू नेमका त्या आकड्यावर बसलायस. काँक्रीटवर पाणी साचलेल्या लेनमध्ये स्टिअरिंग एकदम हलकं लागलं की पोटात जो गोळा येतो तो टायरच्या रिव्ह्यूमध्ये लिहिलेला नसतो.

कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत ट्रेड चालतो, खाचेत जी बारीक उंचवट्याची पट्टी असते तिथपर्यंत. मी पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या खाली टायर ठेवू देत नाही. समृद्धी महामार्गावर २०२३ ला आरटीओवाल्यांनी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली तेव्हा लोक चिडले होते, पण १२० च्या लिमिटला तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास सरळ चालवताना गुळगुळीत आणि कमी हवेचा टायर म्हणजे हातात सुतळी बॉम्बच.

मग मी काय घेईन? तुझ्या वापराला दुसऱ्या प्रकारातला, यूएचपी. पायलट स्पोर्ट तुझ्या साइझमध्ये ताजा मिळाला तर तो, कारण त्याच्या पट्ट्यात नायलॉनसोबत अ‍ॅरॅमिड आहे त्यामुळे स्पीडला टायरचा आकार बिघडत नाही, आणि ओल्यात जबरदस्त. नाही मिळाला तर गुडइयर किंवा व्रेडेस्टाइन. ब्रँडवरून भांडत बसण्यात मला रस नाही, ताजा आणि योग्य साइझचा दुसऱ्या नंबरचा टायर हा चार वर्षं गोदामात पडलेल्या पहिल्या नंबरच्या टायरपेक्षा कधीही बरा. आणि नवीन ड्रायव्हरसाठी यूएचपीचा एक फायदा कोणी सांगत नाही तो म्हणजे तो बोलतो. ग्रिप संपत आली की आधी बारीक चीं करतो, मग आवाज जाड होतो, मग हळूहळू सरकतो, तुला सावरायला वेळ देतो. चिकट टायर शेवटपर्यंत गप्प राहतो आणि सुटला की एकदम सुटतो, तोही जास्त वेगात. पहिली दोन वर्षं तुला लॅप टाइमपेक्षा ही बडबड जास्त शिकवेल.

साइझचं सांगतो. तुझी आहे २०५/५५ आर१६, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. बरेच जण सतरावर जातात, २२५/४५ आर१७, बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो (अर्धा टक्का पण फरक नाही), स्पीडोमीटर गंडत नाही आणि चांगल्या टायरची निवड वाढते. पण रिम सात ते आठ इंच रुंद पाहिजे, कंपनीच्या रिमवर २२५ चढवू नको, टायर फुग्यासारखा बसतो आणि कॉर्नरमध्ये लोळतो. साइडवॉल ११३ मिलिमीटरवरून १०१ वर येते, ऐकायला बारा मिलिमीटर, पण पुण्यातल्या खड्ड्यात तेवढ्यावरच साइडवॉलला फुगा येतो की नाही ते ठरतं. फुगा आलेला टायर ट्रॅकवर तर नाहीच, रस्त्यावर पण चालवायचा नाही, आतले धागे तुटलेले असतात. माझं मत विचारशील तर सोळावरच राहा. लोड इंडेक्स ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, त्याच्या खाली जायचं नाही. स्पीड रेटिंग व्ही म्हणजे २४० किंवा त्याच्या वर घे, तू काय २४० ने जाणार नाहीस, पण वरच्या रेटिंगचा टायर जास्त उष्णता सोसायला बांधलेला असतो आणि आपल्याला तेच हवंय.

घेताना साइडवॉलवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघ, ती टायर बनल्याची तारीख, २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे बघ, दुकानदार तीन ताजे आणि एक म्हातारा असं देतात. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात 'रिस्ट्रिक्टेड' (परवाना लागणाऱ्या) यादीत टाकली, तेव्हापासून बाहेरचे खास टायर, विशेषतः ते २०० वाले, मिळणं अवघड झालंय आणि जे मिळतात ते कुठून कसे आले देव जाणे. आयएसआय मार्क नसलेला टायर स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नको. एका गिऱ्हाइकाने मुंबईहून कुठूनतरी 'नवीनच आहे' म्हणून सेमी-स्लिकचा सेट आणला होता, दिसायला चकाचक, नख दाबलं तर प्लास्टिकवर दाबल्यासारखं, तारीख सहा वर्षांपूर्वीची. ट्रॅकवर दिवसभर गाडी बर्फावर असल्यासारखी फिरत होती बिचाऱ्याची.

आता टायर घेतला, पुढचं काम हवेचं, आणि खरं सांगू का, तुझ्या दोन टायर ब्रँडमध्ये जेवढा फरक पडेल त्यापेक्षा जास्त फरक हवा बरोबर ठेवण्याने पडतो, आणि हे फुकट आहे. गाडीवरच्या हवेच्या स्टिकरवर समजा ३३ लिहिलंय. सकाळी २८ डिग्रीला तू ३३ भरून ट्रॅकवर गेलास, पाच लॅपमध्ये आतली हवा पन्नासएक डिग्री वाढली की प्रेशर ४१ होतं. आता टायर मध्ये फुगला, कडा कमी टेकतात, तुला वाटतं टायर भंगार आहे. म्हणून थंड असताना २९ ने सुरुवात कर, गरम झाल्यावर ३६ च्या आसपास येईल. ३६ हा आकडा दगडावरची रेघ नाही, सुरुवात आहे. तुझ्यासारख्या, पुढची चाकं ओढतात अशा गाडीत मागचे टायर कमी तापतात, त्यांना सुरुवातीला फार हात लावू नको.

सेशन संपवून पिटमध्ये आलास की दोन मिनिटांच्या आत मोजायचं, गप्पा मारत बसलास तर आकडा उतरतो. शेवटचा लॅप निवांत मारून ब्रेक गार करायचे, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये नाहीतर पार्कमध्ये ठेव, चाकाला ठोकळा लाव. निघायच्या आधी टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूने तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा मारून ठेव. मिशलिनवर तिथे छोटा मिशलिन मॅन असतो, काहींवर छोटा त्रिकोण असतो, ती खूण. परत आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेलीय बघ. खुणेच्या टोकापर्यंत पुसली तर मस्त. खुणेच्या खाली साइडवॉलवर गेली तर टायर लोळतोय, हवा एक-दोन पीएसआय वाढव. खुणेच्या आधीच थांबली तर हवा जास्त आहे, कमी कर. एवढं सोपं आहे, खडू दोन रुपयांचा.

मग हात फिरव टायरवर, जपून, चांगलाच गरम असतो. पृष्ठभाग बारीक सॅंडपेपरसारखा, एकसारखा, मंद काळा दिसला म्हणजे टायर सुखात आहे. चकचकीत, निळसर झाक आणि तेलकट वाटला म्हणजे तू त्याला भाजलंयस, पुढच्या सेशनला कमी लॅप. कडेला बारीक लाटा आणि सुरकुत्या म्हणजे टायर गार असतानाच तू जोर लावलास, पहिला लॅप हळू मार. आणि जे रबराचे गोळे चिकटलेले दिसतात ते बहुतेक दुसऱ्यांच्या टायरचं ट्रॅकवर सांडलेलं रबर असतं, घाबरू नको, निघताना थोडं हायवेला उडतं, तोपर्यंत गाडी थडथड करेल. बॅलन्सिंग बिघडलं म्हणून लगेच दुकानात येतात लोक.

तापमान मोजायला सुई टोचायचा पायरोमीटर मिळतो, लेझरवाली बंदूक फक्त वरची कातडी मोजते, ती दहा सेकंदात गार होते, तिच्यावर पैसे घालवू नको. आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी टोच. मध्ये जास्त तर हवा जास्त, दोन्ही कडा जास्त तर हवा कमी, आणि फक्त बाहेरची कड जास्त असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कल, कमी पडतोय. तुझ्या गाडीत हेच दिसणार, पैज लावतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन, कंपनीकडून कॅम्बर अर्धा-एक डिग्रीच्या आत-बाहेर आणि अ‍ॅडजस्ट होत नाही, कॉर्नरमध्ये गाडी झुकली की सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला गेलास तर तिथे दहा-अकरा नंबरचं लांबलचक उजवं वळण आहे, ५.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर पुढच्या डाव्या टायरचा खांदा एका दिवसात बाकीच्या तिघांच्या कितीतरी पुढे झिजतो.

उपाय म्हणजे कॅम्बर बोल्ट, दीड डिग्री निगेटिव्हपर्यंत ने, त्याच्या पुढे रस्त्यावरच्या गाडीत मी जात नाही. लोक म्हणतात कॅम्बरने आतून टायर खातो. दीड डिग्रीने फारसा खात नाही, खातो तो बिघडलेल्या टो ने, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असतात त्याने. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे बोल्ट टाकून अलाइनमेंट न करता निघून जाणारे दोन महिन्यांनी टायर कंपनीला शिव्या देत परत येतात. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, तिथे काही करता येत नाही, विसर.

ट्रॅक डे झाला की टायर पुढचे मागे, मागचे पुढे कर. असिमेट्रिक टायर, ज्याच्यावर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं, तो डावीकडून उजवीकडे पण नेता येतो, दोन्ही बाजूंची झीज सारखी होते, पण घासलेला खांदा बाहेरच राहतो. डायरेक्शनल म्हणजे बाणवाला टायर तसाच उचलून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही, पण रिमवरून काढून, उलटा चढवून दुसऱ्या बाजूला लावला तर बाण बरोबर राहतो आणि खाल्लेला बाहेरचा खांदा आत जातो. दुकानदाराला हे सांगितलं की आधी नाही म्हणतो, कारण त्याला काम जास्त. करून घे, टायर अजून एक सीझन देतो.

नायट्रोजनचं पण विचारशील म्हणून आधीच सांगतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेने, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी न काढलेल्या पंपवाल्याकडची दमट हवा गरम झाल्यावर प्रेशर वेडंवाकडं वाढवते. फुकट मिळाला तर भर, नाहीतर कोरडी हवा पुरते.

ब्रेकबद्दल एवढंच, चांगला टायर लावलास की तो जास्त जोराने थांबवू देतो आणि सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ट्रॅकच्या आधी ताजं ब्रेक फ्लुइड भर आणि पॅड अर्ध्याच्या वर आहेत का बघ. चिकट २०० वाल्या टायरवर हा खर्च अजून वाढतो, आणि लांब वळणांत इंजिन ऑइल एका बाजूला जाऊन पिकअप (ऑइल खेचणारी नळी) उघडा पडायची भीती, ते वेगळंच. इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाच, 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज'मध्ये ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग हे वगळलेलं असतं, ट्रॅकवर भिंतीला लागली तर एजंट फोन उचलणार नाही असंच समजून चालव.

परत निघताना, रात्री कितीही दमला असशील तरी, टायर पूर्ण गार झाल्यावर हवा परत ३३ ला आण. हेच सगळ्यात जास्त लोक विसरतात. पिटमध्ये गरम असताना हवा सोडलेली असते, रात्री गार झाल्यावर तीच २७-२८ वर येते आणि त्यावर माणूस सामान भरून, तीन मित्र बसवून बाराशे किलोमीटर ११० ने हाकतो. साइडवॉल आतून भाजते, बाहेरून काही दिसत नाही, आणि चित्रदुर्गच्या आसपास कुठेतरी टायर ऐन वेळी कच खातो. डिक्कीत बारा व्होल्टचा छोटा पंप आणि स्वतःचं एक चांगलं गेज ठेव, पेट्रोल पंपावरची गेज एकमेकांत तीन-तीन पीएसआयने भांडत असतात. डॅशवर टायर प्रेशरची वॉर्निंग येईल, हवा भरल्यावर रिसेट कर.

राहिला दुसऱ्या सेटचा प्रश्न. तू वर्षातून दोन-तीनदा जातोयस तोपर्यंत त्याचा विचार करू नको. ज्या दिवशी खडूची रेघ बरोबर, हवा बरोबर, कॅम्बर बरोबर, आणि तरी सेशनच्या तिसऱ्या-चौथ्या लॅपलाच टायर दम टाकतोय आणि तू शांतपणे तेच ब्रेकिंग पॉइंट पकडतोयस, त्या दिवशी २०० ट्रेडवेअरचा सेट वेगळ्या रिमवर घे. गाडीचा पीसीडी (चाकाच्या बोल्टची मांडणी) ५x१०० आहे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट, जुन्या पोलो आणि रॅपिडचे पंधरा-सोळा इंची रिम सेकंड हँड मिळतात, फक्त ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो तो आकडा) बघ आणि ब्रेक कॅलिपरला घासत नाहीत ना ते आधी नुसतं लावून, हाताने फिरवून बघ. फ्लॅटमध्ये जागा नाही तर बरेच टायरवाले महिन्याचं भाडं घेऊन ठेवतात, ओळखीच्या गॅरेजला विचार, फक्त कंप्रेसर किंवा वेल्डिंगच्या शेजारी ठेवू देऊ नको, ओझोनने रबर तडकतं. आणि ते तिकडे न्यायचे कसे, तर कोइम्बतूरला नेहमी जाणारी पोरं मिळून एक टेम्पो करतात, चार-पाच जणांत खर्च वाटला जातो, तू पुढच्या वेळी त्यांच्यात घुस.